एका सोलरचे अनेक संसार

सोलर या सर्च सर्व्हरचं जुनं पॅकेज उलगडलं की ‘एक्झाम्पल’ नावाचं फोल्डर निघायचं. स्टार्ट.जार त्यातच, सोलर.वॉर त्यातच, कॉन्फिगरेशन आणि शोधाचा इंडेक्सही त्यातच. नाव नमुन्याचं, पण कित्येकांनी तेच थेट प्रॉडक्शनला लावलं. दुसरा क्लायंट आला की अख्खं फोल्डर कॉपी करायचं, पोर्ट बदलायचा, झालं काम! माझ्या ताब्यात आलेल्या एका सर्व्हरवर तर ‘सोलर’, ‘सोलर२’, ‘सोलर_नवीन’, ‘सोलर_नवीन_फायनल’ अशी पिलावळच होती. यातला खरा चालू कोणता, हे पोर्ट तपासूनच कळायचं.

डग कटिंगच्या ल्युसीन या शोध-लायब्ररीवर योनिक सीलीने सीनेट (CNET) कंपनीत 2004 साली सोलर उभं केलं. 2006 मध्ये ते अपाचेकडे आलं. अख्खं फोल्डर कॉपी करायची खरं तर गरजच नव्हती. ‘सोलर.सोलर.होम’ नावाची एक सेटिंग होती (दोनदा सोलर कशाला, ते विचारू नये). प्रोग्राम एकच ठेवायचा, प्रत्येक प्रोसेसला वेगळं होम आणि वेगळा पोर्ट द्यायचा. टॉमकॅटवाल्यांना ‘कॅटलिना होम’ आणि ‘कॅटलिना बेस’मुळे ही वाटणी परिचयाची होती.

2008 च्या 1.3 आवृत्तीत मल्टिकोर आलं, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये अनेक इंडेक्स (कोअर). मग वेगळ्या प्रोसेस हव्यात कशाला? कारण जावाची मेमरी, म्हणजे हीप. हीप साधारण 32 जीबीच्या वर गेला की पॉइंटर आखडून ठेवण्याची सोय बंद पडते, आणि मोठ्या हीपची साफसफाई सुरू झाली की शोध मध्येच थबकतो. त्यातून एखाद्या क्लायंटच्या बेताल क्वेरीने मेमरी संपली, की शेजारचे कोअरही आडवे. मोठ्या मशीनवर तीन-चार आटोपशीर प्रोसेस परवडतात, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

2015 च्या 5.0 आवृत्तीने हे सगळं रीतसर केलं. इन्स्टॉलरला वेगळं सर्व्हिसनाव आणि पोर्ट दिला, की लिनक्सच्या ऑप्टमधलं आधीच उलगडलेलं फोल्डर तो पुन्हा उलगडत नाही. फक्त नव्या नावाचा दुवा तिकडे वळवतो. डेटा आणि लॉग व्हारमध्ये, सेटिंगची फाइल नंतरच्या आवृत्त्यांत इटीसीत. पोर्टचं गणित मात्र जपावं लागतं: 8983 वर चालणारा सोलर बंद करायला 7983 वापरतो, अंगचा झूकीपर (सर्व्हरांच्या समन्वयाचा प्रोग्राम) चालवला तर 9983. आणि दोन सर्व्हिसना चुकून एकच डेटा दाखवला, तर ल्युसीनची राइट.लॉक फाइल दुसऱ्याला दारातच अडवते. बरंच करते.

डिसेंबर 2021 मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघडं पडलं, तेव्हा दोन्ही पद्धतींचा हिशेब समोर आला. जिथे इन्स्टॉलेशन एकच होतं, तिथे सोलर 8.11.1 एकदाच उतरवायचं, दुवे वळवायचे आणि एकेक सर्व्हिस रीस्टार्ट करायची. ज्यांची फोल्डर कॉपी करायची सवय नव्या आवृत्त्यांतही सुटली नव्हती, ते रात्रभर डिस्कवर लॉगफोरजेच्या जार फाइली हुडकत बसले.