बाँडची गाडी, पण नेमकी कोणती?

इयान फ्लेमिंगची ‘गोल्डफिंगर’ कादंबरी 1959 साली आली. तीत जेम्स बाँडपुढे खात्याच्या ताफ्यातल्या दोन गाड्या ठेवल्या जातात, जॅग्वार 3.4 आणि अ‍ॅस्टन मार्टिन. बाँड अ‍ॅस्टन मार्टिन उचलतो. पडद्यावरच्या गाड्यांची मॉडेलं ओळखण्याचा नाद असलेल्यांना पहिली ठेच इथेच लागते, कारण फ्लेमिंग ‘डीबी थ्री’ एवढंच लिहून मोकळा झाला. कारखान्याच्या दप्तरी 1951 ची डीबी 3 आहे, पण ती उघडी, शर्यतीची गाडी. गुप्तहेराने तीत बसून संशयिताच्या मागे युरोपभर हिंडणं जरा अवघडच. तेव्हा ही 1957 ते 59 दरम्यान बनलेली, छपराची डीबी मार्क 3 असणार. तिची हत्यारंही साधीच होती. रात्री ओळख लपवायला दिव्यांचा रंग बदलायचा, धडक द्यायला मजबूत पोलादी बंपर आणि सीटखालच्या चोरकप्प्यात पिस्तूल.

चित्रपटाची तयारी सुरू झाली तोवर मार्क 3 बंद पडली होती. कलादिग्दर्शक केन अ‍ॅडम आणि स्पेशल इफेक्ट्सचे जॉन स्टीअर्स न्यूपोर्ट पॅग्नेलच्या कारखान्यात पोचले. तिथे 1963 चं नवं मॉडेल होतं, डीबी 5. यातलं ‘डीबी’ म्हणजे डेव्हिड ब्राउन. गिअर आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या या उद्योगपतीने 1947 मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन विकत घेतली होती. जगातल्या सर्वांत देखण्या गाडीवर एका ट्रॅक्टरवाल्याची आद्याक्षरं आहेत, याची मला नेहमी गंमत वाटते.

कारखान्याकडून चित्रपटाला मिळालेली मुख्य गाडी विक्रीची नव्हतीच. ती चाचणीसाठी बनवलेला नमुना होती, चासी क्रमांक डीपी/216/1. रंग मूळचा गडद लाल. चित्रपटासाठी तिला चंदेरी ‘सिल्व्हर बर्च’ रंग चढला आणि पुढच्या इंडिकेटरमागे मशीनगन, मागे वर येणारी गोळीरोधक ढाल, तेल सांडणारी नळी, धूर सोडण्याची सोय असा सगळा सरंजाम बसला. दुसरी गाडी साधी, वेगात पळवायच्या दृश्यांसाठी, चासी डीबी5/1486/आर. म्हणजे 1964 च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये प्रेक्षक जिला एक गाडी समजतात त्या मुळात दोन.

मग ओळखायचं कशावरून? नंबरप्लेटवरून म्हणाल तर पंचाईत. पडद्यावर दोघींच्याही कपाळी बीएमटी 216ए. ब्रिटनच्या तेव्हाच्या पद्धतीत शेवटचं अक्षर नोंदणीचं वर्ष सांगे, ए म्हणजे 1963 आणि बी म्हणजे 1964. दुसऱ्या गाडीची खरी नोंदणी एफएमपी 7बी होती, म्हणजे ती वर्षाने धाकटी. शिवाय बटण दाबलं की ब्रिटिश, फ्रेंच, स्विस अशा पाट्या गोल फिरवणारी ही गाडी. तिची साक्ष तिच्याच पाटीवरून काढायला निघावं, हा विनोद चित्रपटवाल्यांना सुचला असेल असं वाटत नाही.

चेहऱ्यावर विसंबणंही धोक्याचं. डीबी 4 च्या शेवटच्या मालिकेतल्या व्हँटेज गाड्यांचे हेडलाइट काचेच्या आवरणाखाली गेले होते आणि समोरून त्या डीबी 5 च्या जुळ्या बहिणीच दिसतात. खरा फरक बॉनेटखाली, एकीला 3.7 लिटरचं इंजिन तर दुसरीला 4 लिटरचं. पडद्यावर इंजिन कोण दाखवतो? त्यामानाने डीबी 6 पकडणं सोपं. तिचा बंपर मध्ये तुटलेला आणि शेपटीचं टोक वर उचललेलं असतं.

पोरांच्या हातात गेलेल्या गाडीची कुळी तर आणखी मजेदार आहे. कॉर्गी कंपनीने 1965 मध्ये बाँडची छोटी गाडी बाजारात आणली, ती आपल्या आधीच्या डीबी 4 खेळण्याच्या साच्यात फेरफार करून. तिला रंग दिला सोनेरी. चंदेरी खेळणं रंग न दिलेल्या धातूसारखं दिसेल, अशी धास्ती होती. थोडक्यात, मॉडेल चुकीचं आणि रंगही चुकीचा. तरी माणूस ती पाहून ‘बाँडची गाडी’ असंच म्हणतो.

‘थंडरबॉल’ या पुढच्या बाँडपटाच्या जाहिरातीसाठी 1965 मध्ये आणखी दोन गाड्या शस्त्रसज्ज झाल्या. त्यांतली डीबी5/2008/आर 2019 मध्ये कॅलिफोर्नियात लिलावात 63 लाख 85 हजार डॉलरला गेली. ही गाडी एकाही दृश्यात नाही. ज्या डीपी/216/1 ने पडद्यावर खरी कामगिरी केली, तिची हत्यारं अ‍ॅस्टन मार्टिनने उतरवून ती साधी गाडी म्हणून विकली. पुढच्या मालकांनी नवी नकली हत्यारं बसवली आणि 1997 च्या जूनमध्ये ती फ्लोरिडातल्या बोका रॅटनमधून चोरीला गेली.

नंतरच्या चित्रपटांनी गुंता वाढवला. ‘गोल्डनआय’मधली पाटी बीएमटी 214ए, एका अंकाचा फरक. ‘कसिनो रॉयाल’मध्ये बाँड पत्त्यांच्या डावात डीबी 5 जिंकतो, तिचं स्टिअरिंग डावीकडे. ‘स्कायफॉल’मध्ये मात्र तो उजव्या स्टिअरिंगची, मशीनगन लावलेली, पुन्हा 216ए पाटीची गाडी कुलूपबंद गोदामातून काढतो. ही कुठून आली, याचा खुलासा चित्रपट करत नाही. तिथे उडवलेली गाडी तर एक तृतीयांश आकाराची प्रतिकृती होती, जर्मनीत थ्रीडी प्रिंटरवर छापलेली. ‘नो टाइम टू डाय’च्या कसरतींसाठी अ‍ॅस्टन मार्टिनने कार्बन फायबरच्या अंगाच्या आठ नकला बनवल्या. त्या पाहून मॉडेल ‘डीबी 5’ असं सांगणारा माणूस बाह्यरूपापुरताच बरोबर.

अखेरीस कारखान्यानेच चित्रपटाची नक्कल करायला घेतली. 2020 पासून न्यूपोर्ट पॅग्नेलला ‘गोल्डफिंगर’च्या धर्तीवर 25 डीबी 5 तयार झाल्या, किंमत करांशिवाय साडेसत्तावीस लाख पौंड. पाट्या फिरतात, धूर निघतो, ढाल वर येते. सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याची मुभा मात्र या गाड्यांना नाही.