राहुरीचे पाणी

'स्मृतिचित्रे' मी पहिल्यांदा वाचले ते हसण्यासाठी. पुन्हा वाचायला घेतले तेव्हा पन्नाशी उलटली होती आणि हातात पेन्सिल होती. लक्ष्मीबाई टिळकांचे धर्मांतर आपण त्यांच्या बाप्तिस्म्यावरून १९०० सालचे धरतो. पण त्यांचीच हकिकत नीट वाचली, तर खरी घटना त्याआधी राहुरीला घडलेली दिसते. त्या घटनेत ना चर्च होते, ना पाद्री. प्रश्न होता पाण्याचा.

त्यासाठी आधी त्यांचे माहेर पाहायला हवे. नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखले. १८५७च्या बंडात आजोबांना फाशी झाली. वडिलांनी त्याचा असा धसका घेतला की ते सोवळ्याच्या पुरते आहारी गेले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, शिवाशिवीवरून दिवसभर आरडाओरडा. बाईंनी हे सारे विनोदाने सांगितले आहे. पण त्या घरातल्या बायकांचे हाल त्या विनोदाखाली झाकत नाहीत.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीची संमती नव्हती. ख्रिस्ताच्या प्रीतीवर एवढे अभंग लिहिणाऱ्या माणसाची ही सुरुवात मला आजही खटकते. पुढची काही वर्षे नवराबायकोची ताटातूट झाली. मग बाई नगरकडे आल्या, तरी सोवळे सुटले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आजूबाजूचा ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग वस्त्यांतून आलेला. म्हणजे प्रश्न नुसता येशूला मानण्याचा नव्हता, शेजारणीच्या हातचे पाणी पिण्याचा होता.

राहुरीला एका रात्री त्या विचार करत बसल्या: जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी यापुढे कोणाच्याही हातचे खाईन-पिईन असे ठरवले. तोवर त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा नंतरचा. टिळकांनी आधी धर्म बदलला आणि मग घर त्यामागे ओढले. बाईंनी आधी हंडा बाटू दिला. उपासना जगायची म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी टिळकांच्या अभंगांआधी हा प्रसंग वाचायला सांगेन.

हे मला का लागले, तेही सांगतो. आमच्या घरी गड्याचा कप ओटीबाहेरच्या कोनाड्यात असे. आजी देवभोळी, उपासतापास करणारी, गड्याच्या पोरांना सणाला गोडधोड देणारी. कप मात्र तिथेच राहिला. मीही तो कधी आत आणला नाही. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि समतेवर वादविवाद स्पर्धेत बोलत होतो.

टिळकांच्या नगरच्या घरात नंतर कोण कोण राहून गेले! खानदेशातला ठोंबरे नावाचा मुलगा, म्हणजे आपले बालकवी, तिथे घरच्यासारखा राहिला आणि हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर माया केली ती आईची, मिशनरी बाईची नव्हे. जेवायला येणाऱ्याने आधी आपल्यासारखे व्हावे, अशी अट त्या घरात नव्हती.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला. परक्यांच्या पैशावर आणि हुकुमावर चालणारी भक्ती इथल्या मातीत रुजणार नाही, असे त्यांचे ठाम मत झाले होते. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांइतकीच न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनमधल्या अनेकांना ते रुचणे कठीणच होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही.

माझा तर्क असा, की दरबाराचा नमुना टिळकांना कुठल्या ग्रंथात शोधावा लागला नसेल. राहुरीनंतरचे स्वतःचे स्वयंपाकघर ते वर्षानुवर्षे पाहत होते. पगार सुटल्यावर घरखर्चाची तोंडमिळवणी कोणी केली असेल, हे मात्र 'दरबारा'विषयी लिहिताना आपण सहसा विचारत नाही.