बॅटर्स बॉक्सचे उल्लंघन (सॉफ्टबॉल)

बॅटर्स बॉक्सचे उल्लंघन : सॉफ्टबॉलमध्ये चेंडूला बॅट लागते त्या क्षणी फलंदाजाचे पाऊल आखलेल्या चौकटीबाहेर जमिनीवर टेकलेले असणे. असा फलंदाज बाद ठरतो.

बॉक्सची आखणी : होम प्लेटच्या दोन्ही बाजूंना फक्कीने एकेक बॉक्स आखतात. तो 3 फूट रुंद व 7 फूट लांब असतो. त्याची आतली रेषा प्लेटपासून 6 इंचांवर, तर पुढची रेषा प्लेटच्या मध्यापासून 4 फूट पुढे असते. रेषा बॉक्सचाच भाग मानल्या जातात.

नियम : पिचपूर्वी दोन्ही पावले बॉक्समध्ये हवीत. चेंडू मारताना संपूर्ण पाऊल रेषेपलीकडे टेकले, किंवा पावलाचा कोणताही भाग होम प्लेटला लागला, तर उल्लंघन होते. टाच रेषेवर असून बोटे बाहेर गेली तर फलंदाज सुरक्षित असतो; पाऊल हवेत असले तरीही सुरक्षितच. बॅट चेंडूला लागलीच नाही तर या कारणावरून बाद देत नाहीत. चेंडू फेअर असो वा फाउल, उल्लंघन होताच तो ‘डेड’ होतो, म्हणजे खेळ थांबतो, आणि बेसवरील धावपटू पिचच्या वेळच्या बेसवर परततात.

स्लॅप आणि बंट : हे उल्लंघन मुख्यतः स्लॅप आणि बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवणे) या दोन फटक्यांत घडते. स्लॅप करणारा डावखुरा फलंदाज पिचरच्या दिशेने धाव घेत मागचा डावा पाय उजव्याच्या पुढे टाकतो आणि त्याच ओघात चेंडू मारतो. दोन बेसमधील अंतर अवघे 60 फूट असल्याने एका पावलाची आघाडीही निर्णायक ठरते. अमेरिकेची नताशा वॉटली या शैलीसाठी विशेष ओळखली जाते. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या संघात ती होती.

पंचांचे काम : प्लेट पंचाची नजर चेंडूवर खिळलेली असते, आणि नेमके त्याच क्षणी पायही पाहावे लागतात. म्हणून फलंदाज उभा राहताच त्याची पावले व रेषा यांतले अंतर पंच हेरून ठेवतो. बंटचा पवित्रा दिसला की अधिक सावध होतो. पहिल्या बेसजवळचा पंच त्याला मदत करू शकतो. मातीत उमटलेल्या ठशावर विसंबणे धोक्याचे असते, कारण फटक्यानंतर धावताना पडलेले पाऊलही तसाच ठसा उमटवते. निर्णयासाठी तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात : बॅट-चेंडूचा स्पर्श, टेकलेले पाऊल आणि ते पूर्णपणे रेषेबाहेर किंवा होम प्लेटला लागलेले असणे. यांतली एकही निसटली तर बाद देऊ नये.

महत्त्व : बॉक्सबाहेर पुढे सरकलेला फलंदाज चेंडू वळण्याआधीच गाठतो आणि पिचरचे कौशल्य निष्प्रभ करतो. त्यामुळे हा नियम क्षुल्लक समजून सोडून देणे पिचरवर अन्याय करणारे आहे. सामन्यात फक्की पुसली जात असल्याने डावांच्या मधल्या वेळेत रेषा पुन्हा आखून घेणे, आणि पहिल्या डावापासून दोन्ही संघांना एकच निकष लावणे, हे चांगल्या पंचगिरीचे लक्षण होय.