लुगडं, पातेलं आणि आडत



यंदा दिवाळीच्या आवरासावरीत माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढली. दोन घागरी, तीन गंज, एक परात. धाकटी सून म्हणाली, "आई, आता शहरात जुन्या वस्तूंची दुकानं निघाली आहेत. आपली वस्तू तिथं नेऊन ठेवायची. विकली गेली की दुकानदार कमिशन कापून पैसे देतो." तिला वाटलं मला नवल वाटेल. मी म्हटलं, अगं, ही तर आडत!

शेंदूरजनाघाटात आडत कोणाला शिकवावी लागत नाही. शेतकरी कापूस, धान्य किंवा संत्री अडत्याकडे नेतो. विकेपर्यंत माल शेतकऱ्याचाच. मग अडत्या आपली आडत कापून पट्टी हाती देई. या कापाकापीत पूर्वी शेतकरी फार नाडला जाई, म्हणून वऱ्हाडात त्यावर नियम आले ते देशात सगळ्यात आधी. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. कारंजा म्हटलं की आपल्याला जिनमंदिरं आणि जुन्या हस्तलिखितांचं भांडार आठवतं, पण बाजाराच्या इतिहासातही त्याचं नाव आहे.

मग सरकीसकट कापूस आडतीला जातो, तर त्याच कापसाचं लुगडं जुनं झाल्यावर का जात नाही?

एक तर पूर्वी लुगडं विकण्याइतकं उरतच नसे. सुती लुगडं विरलं की त्याची बाळाला दुपटी, झोळी, मग वाकळ, शेवटी पोतेरं. दुसरं कारण लाजेचं. अंगावरचं विकायला काढलं म्हणजे घर बसलं, असं गाव म्हणणार. ही लाज आपल्याकडेच आहे असं नाही. न्यूयॉर्कमध्ये १८७८ साली कॅन्डेस व्हीलर नावाच्या बाईंच्या पुढाकारानं बायकांच्या हातकामाचं एक विक्रीकेंद्र निघालं. माल जुना नव्हता, पण रीत हीच: वस्तू ठेवा, विकली की कमिशन कापून पैसे घ्या. चांगल्या घरातल्या पण अडचणीत आलेल्या बायकांना नाव झाकून चार पैसे मिळवता यावेत, हा त्यामागचा हेतू.

आपल्याकडे ती लाज झाकली बोहारणीनं. दुपारी पुरुषमाणसं बाहेर असताना ती डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन यायची. पैशाचं नावच नाही, म्हणून ही विक्री नव्हेच! या धंद्यात पुष्कळ बायका मूळच्या गुजरातकडच्या, वाघरी म्हणजे देवीपूजक समाजातल्या. टेरिलीन, नायलॉनचे कपडे आले, त्यांची वाकळ होईना. त्याच सुमारास घरोघरी स्टीलची हौस आली, कारण स्टीलला कल्हई नको, चिंच-राखेनं घासणं नको. न फाटणारी साडी आणि न कळकणारं पातेलं यांची गाठ बोहारणीनं घातली.

घासाघीस मात्र ऐकण्यासारखी असे. "अजून एक साडी टाक ना, बाई." "टाकतो, पन मंग झाकन दे." आपल्याला वाटे तिनं लुबाडलं. पण ओझं घेऊन उन्हात दारोदार फिरणं, मग घरी नेऊन कपडे निवडणं, धुणं, बटणं लावणं, आणि आपलं टाकलेलं दुसऱ्याच्या अंगावर चढेल असं करून बाजारात विकणं, ही मेहनत कोणी मोजली नाही. दिल्लीत रघुबीरनगरला अशा कपड्यांचा बाजार पहाटेच भरतो. लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात, तिथं त्यांचं सूत काढून ब्लँकेटं होतात. चिंध्यांचं सूत काढण्याची ती युक्ती इंग्लंडातल्या बॅटली गावातली, १८१३ सालची.

माझ्या सासूबाईंनी परिग्रह-परिमाण घेतलं होतं. आपल्याकडे बाह्य परिग्रह दहा प्रकारचा सांगितला आहे, त्यात शेवटचे दोन कुप्य आणि भांड, म्हणजे कपडे आणि भांडी, शेजारीशेजारी. मी एकदा सहा साड्या देऊन मोठ्या हौशीनं स्टीलचा डबा घेतला. सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "कुप्य कमी केलं अन् भांड वाढोलं. मंग तुह्या परिग्रहात कमी काय झालं?" मी हसले, पण तो डबा बरेच दिवस नवा नवाच वाटला नाही.

म्हणून यंदा बदल्यात काही घ्यायचं नाही असं ठरवून पितळ मोडीत नेलं. तिथं भांडं पाहत नाहीत, वजन पाहतात. तराजूत ठेवण्याआधी घागर फिरवली तर गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं दिसली. सासूबाईंच्या आईचं नाव, गाव आणि लग्नाची मिती. आमच्या घरात त्या माउलीचं नाव दुसरीकडे कुठंही लिहिलेलं नाही. ना सातबारावर, ना वंशावळीत. त्यात तर नुसते पुरुषच.

सुनेच्या त्या दुकानात कदाचित हे नाव वाचून कोणी घागर घेईलही, शोभेला म्हणून. मोडीत मात्र नावासकट वितळणार. मी एक घागर परत आणली. बाकीच्या भांड्यांवरची नावं दुकानाच्या पायरीवर बसून वहीत उतरवून घेतली. दोन जागी अक्षरं घासून गेली होती, ती वाचता आली नाहीत.