उडती गृहिणी

१९४८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर फॅनी ब्लँकर्स-कोएन या डच बाईंनीं चार सुवर्णपदकें मिळविलीं: १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळ्यांची शर्यत आणि ४०० मीटरांची रिले. एकाच ऑलिंपिकमध्यें चार सुवर्णपदकें पूर्वीं कोणाहि स्त्रीला मिळालीं नव्हतीं. वृत्तपत्रांनीं या विजेतीला नांव दिलें तें ‘उडती गृहिणी’. नांव गोड आहे. त्यांत कौतुक नाहीं असें कोण म्हणेल? पण त्या दोन शब्दांतील अधिक भार कोणत्या शब्दावर आहे, हें पाहण्यासारखें आहे.

स्पर्धेपूर्वीं सूर निराळा होता. बाईंचें वय ३०, घरीं दोन मुलें. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रंप यांनीं, त्यांचें वय होऊन गेलें, अशा अर्थाचें लिहिलें होतें. वयाऐवजीं त्यांनीं उच्चांकांची वही उघडली असती तर! १९४३ सालीं बाईंनीं लांब उडींत ६.२५ मीटरांचा जागतिक उच्चांक केला होता. लंडनला ती स्पर्धा सुमारें ५.७० मीटरांच्या उडीनें जिंकली गेली. वैयक्तिक स्पर्धा तीनच घेण्याची मुभा असल्यानें बाईंनीं ती सोडूनच दिली होती. २०० मीटरची अंतिम शर्यत तर त्यांनीं दुसरीच्या पुढें सात दशांश सेकंद राहून जिंकली. एवढ्या आंखूड शर्यतींत हें अंतर प्रचंडच म्हटलें पाहिजे.

परंतु वर्तमानपत्री लेखणीचें खरें सामर्थ्य पाहावयाचें तर वीस वर्षें मागें गेलें पाहिजे. १९२८ सालीं ॲमस्टरडॅमला स्त्रियांना ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धांत प्रथमच प्रवेश मिळाला. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतींत नऊ जणी धांवल्या आणि नऊहि जणींनीं ती पुरी केली. जर्मनीच्या लीना राडके यांनीं २ मिनिटें १६.८ सेकंद असा जागतिक उच्चांक केला. एका वार्ताहरानें मात्र अकरा जणी धांवविल्या, त्यांतल्या पांच जणींना मध्येंच थांबविलें आणि आणखी पांच जणींना रेषेवर कोसळविलें! असल्या वर्णनांच्या गदारोळांत स्त्रियांची ही शर्यत वगळली गेली, ती १९६० सालीं रोमला परत आली.

आतां गंमत पाहा. १९३५ सालीं सतरा वर्षांच्या फॅनीनें आपला पहिला राष्ट्रीय उच्चांक केला तो ८०० मीटरमध्येंच. पण ऑलिंपिकमध्यें ती शर्यत नाहीं, म्हणून तिला आंखूड शर्यतींकडे वळावें लागलें. तिनें न पाहिलेल्या एका शर्यतीच्या खोट्या बातम्यांनीं तिचा मार्ग ठरविला होता.

१९९९ सालीं जागतिक मैदानी क्रीडा संघटनेनें त्यांना शतकांतील सर्वश्रेष्ठ स्त्री-क्रीडापटु म्हणून गौरविलें. २००४ च्या जानेवारींत त्या वारल्या, तेव्हां कित्येक मृत्युलेखांत ‘उडती गृहिणी’ हेंच नांव पुन्हां छापलेलें होतें.