लहुजीबुवांची तालीम

मारुतीचे देऊळ आणि शेजारी तालीम ही महाराष्ट्रातील गावोगावची जुनी जोडी होय. देवळात भक्ती व तालमीत शक्ती, अशी वाडवडिलांची धारणा. या परंपरेत पुण्याच्या गंज पेठेतील वस्ताद लहुजी राघोजी साळवे यांचे नाव आदराने घेतले पाहिजे.

लहुजींचा जन्म १७९४ सालचा. १८१७ साली खडकीच्या लढाईत त्यांचे वडील राघोजी धारातीर्थी पडले, असे सांगतात. पुढे लहुजींनी तालीम चालविली. तेथे दांडपट्टा व नेमबाजी शिकवीत. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. मनगट वळत नाही, वार खांद्यातून करावा लागतो. म्हणून पवित्रा व पायांची चाल पक्की हवी.

लहुजी मांग समाजातील. ज्या काळी त्या समाजाची सावलीही टाळली जाई, त्या काळी जोतीराव फुले त्यांच्या हाताखाली शिकले. जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मुलांच्या शाळा निघाल्या, तेव्हा मुलांना शाळेत धाडावे म्हणून लहुजीबुवांनी आपल्या लोकांची समजूत घातली. शिष्याच्या कार्यामागे गुरू उभा राहिला. १८८१ साली ते निवर्तले.

ज्या हातांनी पट्टा शिकविला, त्या हातांना कित्येक देवळांची पायरी वर्ज्य होती, हे विसरून चालणार नाही. जीर्णोद्धार केवळ दगडचुन्याचा नसतो. देवळाचे दार व तालमीची माती गावच्या सर्व मुलामुलींना सारखीच खुली राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.