रस्ता कशाने मोडतो आणि कशाने तुंबतो : दोन मोजमापांचा इतिहास

१/ १९५८ च्या अखेरीस अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ऑटावा या गावाजवळ, लष्कराचे जवान मालट्रक चालवू लागले. त्या ट्रकना कोठेही पोहोचायचे नव्हते. रस्ता मोडेपर्यंत त्याच मार्गांवर फेऱ्या घालत राहणे एवढेच त्यांचे काम होते. आज भारतात महामार्गाची जाडी ठरवताना जो हिशेब होतो, त्याचे एक मूळ या फेऱ्यांत आहे.

२/ रस्त्याविषयी अभियंत्यासमोर दोन प्रश्न असतात. हा रस्ता किती भार सोसेल? आणि तासाभरात किती वाहने पुढे नेऊ शकेल? वरवर पाहता हे दोन्ही एकच वाटतात. त्यांची फारकत व्हायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

३/ पहिल्या प्रश्नाचे जुने उत्तर जॉन मॅकॲडमचे. १८१६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसराच्या रस्त्यांचा कारभार त्याच्या हाती आला. भार अखेरीस खालची मातीच पेलते, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणून ती कोरडी राहिली पाहिजे, आणि वर बारीक, टोकदार खडीचा घट्ट थर हवा. घोडागाड्यांच्या युगाला हे उत्तर पुरेसे ठरले.

४/ पहिल्या महायुद्धानंतर भरीव रबराच्या चाकांचे जड ट्रक रस्त्यांवर आले आणि जुने रस्ते भराभर फुटू लागले. १९२८-२९ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यातील ओ. जे. पोर्टर याने मोडलेले रस्ते उकरून कारणांचा शोध घेतला. दोष बहुधा वरच्या डांबरात नव्हता. भराव नीट दाबलेला नसे, थरांची जाडी अपुरी असे, किंवा भिजलेली माती चाकाखालून बाजूला सरकत असे.

५/ यातूनच सीबीआर चाचणी जन्मली. मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवायचा, त्यात ठरावीक वेगाने लोखंडी दांडा घुसवायचा आणि तिचा प्रतिकार प्रमाणभूत खडीच्या तुलनेत किती टक्के आहे ते पाहायचे. माती कोरडी असताना कशी वागते यापेक्षा ती भिजल्यावर कशी वागेल, हे येथे महत्त्वाचे. भारतात ही चाचणी आजही प्रचलित आहे.

६/ तरीही एक मोठा प्रश्न उरला होता. कोणता ट्रक रस्त्याचे किती नुकसान करतो? अमेरिकेत याला राजकीय धार होती, कारण जड वाहनांवर किती कर बसवावा हे उत्तरावर अवलंबून होते. म्हणून ऑटावाजवळ सहा फेरमार्ग बांधले गेले. डांबरी आणि काँक्रीटचे मिळून ८३६ तुकडे. प्रत्येकाच्या थरांची जाडी वेगळी.

७/ एक फेरमार्ग मुद्दाम वाहतुकीविना ठेवला. उरलेल्या पाचांवर ठरलेल्या वजनाचे ट्रक नोव्हेंबर १९६० पर्यंत धावले. ट्रकचे आस या तुकड्यांवरून सुमारे ११ लाख १४ हजार वेळा गेले. चाकोऱ्या, भेगा आणि खडबडीतपणा यांची मोजणी सतत चालू होती. रस्ता वापरण्याजोगा राहिला आहे का, याला शून्य ते पाच असे गुणही दिले जात.

८/ डांबरी तुकड्यांची मोडतोड प्रामुख्याने वसंत ऋतूत झाली. हिवाळ्यात गोठलेले जमिनीतील पाणी तेव्हा वितळे आणि माती मऊ पडे. काँक्रीटखालीही पाणीच घात करी : चाकाचा दाब आला की फरशीच्या कडेने पाण्याबरोबर खालची रेतीमाती बाहेर फेकली जाई आणि फरशी अधांतरी राही.

९/ सर्वांत दूरगामी निष्कर्ष आकड्यांचा होता. आसावरचा भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट होत नाही. ते साधारणपणे चौथ्या घाताने, म्हणजे १६ पट वाढते. सुमारे ८.१६ टनांचा आस प्रमाण मानला गेला. या हिशेबाने पाऊण टन आसभाराची मोटार सुमारे १४ हजार वेळा गेली, तर एका प्रमाण आसाइतकी झीज होते.

१०/ दुसरा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. १९३० च्या दशकात ब्रूस ग्रीनशील्ड्स याने ओहायोतील रस्त्यांवर चलचित्र कॅमेऱ्याने वाहनांची छायाचित्रे घेतली. लागोपाठच्या चित्रांतून वेग आणि अंतर मोजले. गर्दी वाढते तसा वेग घटतो, आणि एका मर्यादेनंतर आणखी वाहने आत शिरली की बाहेर पडणाऱ्यांची संख्या उलट कमी होते, हे त्याच्या मांडणीतून दिसले.

११/ १९५० साली अमेरिकेत महामार्ग क्षमतेची पहिली नियमपुस्तिका निघाली. बहुपदरी मार्गाची आदर्श क्षमता तिने दर मार्गिकेस ताशी २,००० मोटारी अशी धरली. १९६५ च्या आवृत्तीने रस्त्याच्या सेवेला ‘ए’ ते ‘एफ’ अशा सहा श्रेणी लावल्या. किती वाहने जातात, याच्या जोडीला ती कशी जातात, हाही प्रश्न आला.

१२/ भारतात या विचाराला संस्थेचे रूप देण्यात एका मराठी बॅरिस्टरचा वाटा आहे. १९२७ साली मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील अधिभाराचा रस्ते निधी १९२९ मध्ये, आणि इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ मध्ये उभी राहिली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांनी नागपुरास वीस वर्षांचा आराखडा आखला.

१३/ इंडियन रोड्स काँग्रेसने दोन्ही प्रश्नांची उत्तरे लिहिली, आणि दोन्हींत वाहनांची प्रतवारी भिन्न निघाली. क्षमतेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे १ एकक, ट्रक ३ एकके आणि बैलगाडी तब्बल ८! कारण संथ बैलगाडी आपल्यामागे सगळ्या रस्त्याला खोळंबून ठेवते.

१४/ याउलट, डांबरी रस्त्याच्या जाडीसाठीच्या १९७० च्या मार्गदर्शिकेत तीन टनांहून जड मालवाहू वाहनेच मोजली जात. १९८४ च्या सुधारणेने प्रमाण आसांची एकूण संख्या स्वीकारली. पूर्वी बैलगाडीची लोखंडी धाव पृष्ठभाग चिरडत असे, ही गोष्ट खरी; पण या नव्या हिशेबात ना बैलगाडी होती, ना मोटार.

१५/ म्हणून रस्ता रुंद केल्याने कोंडी कमी होईल, पण खड्डे थांबतीलच असे नाही. २०१८ मध्ये केंद्राने चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. वाढ जेमतेम १३ टक्क्यांची; चौथ्या घाताच्या हिशेबाने प्रत्येक पूर्ण भारलेल्या आसाची झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. फेऱ्या कमी होऊन वाहतूकदाराचा खर्च वाचतो. डागडुजीचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर किंवा टोलवर पडतो.

१६/ ऑटावाचा नियम एका प्रकारच्या मातीवर, एका हवामानात, दोन वर्षांत मिळाला. त्याचा घातांक जगभर तंतोतंत चार नसतो. दख्खनच्या काळ्या मातीला आणि कोकणच्या पावसाला त्यांचे स्वतःचे मोजमाप लागते. मात्र मॅकॲडमपासून ऑटावापर्यंतची साक्ष एकच आहे : पाणी मातीचे बळ काढून घेते आणि जड आस उरलेले काम करतो. पावसाळ्याआधी स्वच्छ केलेले गटार आणि चालू स्थितीतील वजनकाटा, हीसुद्धा रस्तेबांधणीच आहे.